छोट्या रीफ टँकसाठी मासे निवडताना आधी मे महिना आठवा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याचा ढंग मुद्दाम तसाच ठेवलाय.)

मरीन टँकबद्दल सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच आहे: "दोन फुटी टाकी घेतलीये, खाऱ्या पाण्याचा सेटअप करतोय, मासे कुठले टाकू?" सोबत एक स्क्रीनशॉट असतोच. त्यात नारिंगी निमो, निळी डोरी, एखादा पिवळाधमक टँग आणि कोपऱ्यात रुबाबात पंख पसरलेला लायनफिश. सगळे एकाच टाकीत.

आज याच प्रश्नाचं उत्तर देते. आधीच सांगून ठेवते, एपिसोडचा बराचसा वेळ "काय घ्यायचं नाही" यात जाणार आहे. कंटाळू नका. छोट्या टाकीत निवड म्हणजे मुख्यतः नकारच असतो.

आजची मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगते. मासे निवडताना टाकीचा सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवू नका, सगळ्यात वाईट दिवस ठेवा. आपल्या संभाजीनगरात तो वाईट दिवस कसा असतो हे आपल्याला पाठ आहे. मे महिन्यातली दुपार, बाहेर 41-42 डिग्री, लाईट गेलेली, आणि तुम्ही ऑफिसात. त्या तीन तासांत तुमच्या टाकीत जेवढे मासे आणि जसले मासे तग धरतील, तेवढेच आणि तसलेच घ्यायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर किती मोठा घ्यायचा हे रोजच्या ट्रॅफिकवरून ठरवत नाही, सेलच्या दिवशीच्या ट्रॅफिकवरून ठरवतो. इथेही हिशोब तोच.

त्या तीन तासांत नेमकं होतं काय?

आधी टाकी किती मोठी ते बघू. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गणित केलं तर साधारण 120 लिटर. त्यातून दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करा. हातात राहतं जेमतेम 100 लिटर पाणी. समुद्राच्या मानाने हा पेलाभर पाण्याचा प्रकार आहे.

आता ऑक्सिजन. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाला पावणेसातच्या आसपास. म्हणजे खारं पाणी मुळातच कमी श्वास देतं. तापमान वाढलं की हा आकडा आणखी खाली येतो. आणि गंमत बघा, पाणी गरम झालं की माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. एकीकडे पुरवठा घटतो, दुसरीकडे मागणी वाढते. त्यात लाईट गेली की पंप बंद, पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, बाहेरची हवा आत मिसळत नाही.

आता त्याच 100 लिटरमध्ये दोन छोटे क्लाऊनफिश आहेत की आठ मासे आहेत, याने जगण्या-मरण्याचा फरक पडतो. आणि नुसती संख्याच नाही, स्वभावही बघा. दिवसभर सुसाट पोहणारा टँग आणि दगडाच्या कपारीत टेकून बसणारा गोबी, दोघांची ऑक्सिजनची भूक सारखी नसते. म्हणून आपल्यासारख्या गावात टेकून बसणारे, हळू फिरणारे, छोटे मासे ही पहिली पसंती.

बॅटरीवर चालणारा एअर पंप ही या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारी वस्तू आहे. लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा मिळतो, तोच घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर टाकीचा पंप त्यावर घ्या, तो फार वीज खात नाही. हीटर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नका.

कूलरचं गाव असण्याचा फायदा

आपल्या बाजूची एक गोष्टही सांगते. आपल्याकडे घरोघरी कूलर चालतो. मुंबईत तो चालत नाही, कारण तिथली हवा दमट. हवा कोरडी असली की पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. टाकीवर छोटा पंखा लावला की हेच होतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तीन-चार अंश सहज खाली येतात. त्याच खोलीत कूलर लावला तर खोली थंड होते, पण हवा दमट होते आणि पंख्याचं काम कमी होतं. त्यामुळे दोन्ही करून थर्मामीटर बघा आणि मगच ठरवा. ध्येय 24 ते 27 अंशांचं.

पंख्याने दोन गोष्टी बदलतात आणि दोन्हींचा माशांच्या निवडीशी थेट संबंध आहे.

पहिली: पाणी उडतं, मीठ उडत नाही. मे महिन्यात दोन फुटी टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी गेलं तरी नवल नाही. मीठ तेवढंच राहतं, म्हणजे पाणी खारट होत जातं. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे 1.025 च्या आसपासची घनता, ही आपली रेषा. उडालेल्या पाण्याची भरपाई रोज साध्या, बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची. मीठ फक्त पाणी बदलताना.

दुसरी: पंख्यासाठी टाकीचा वरचा भाग उघडा ठेवावा लागतो. आणि छोट्या रीफमधले कितीतरी चांगले मासे उड्या मारणारे असतात. काचेचं झाकण ठेवलं तर टाकी तापते, काढलं तर सकाळी मासा फरशीवर. उपाय सोपा आहे. खिडकीला जाळी बसवून देणारा माणूस ॲल्युमिनियमच्या पट्टीत हवी त्या मापाची चौकट करून देतो. हवाही जाते, मासाही राहतो.

पाण्याचं थोडक्यात

नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. जायकवाडी भरलं तरी आपली टाकी भरेलच असं नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आपल्या काळ्या दगडाच्या भागात ते जड असतं. मरीन टँकला यातलं काहीच थेट चालत नाही, आरओ लागतं. पण घरातल्या आरओला टीडीएस वाढवायचा एक नॉब असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नाही. त्यामुळे टीडीएस मीटर जवळ ठेवा आणि आकडा शून्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचं फिल्टर लावतात.

आठवड्याला 10 लिटर पाणी बदललं आणि उन्हाळ्यात 15-20 लिटर भरपाई केली, तर आठवड्याला 30 लिटर आरओ झालं. ते बनवताना त्याच्या दोन-तीन पट पाणी बाहेर जातं. ते फरशीला, गाडी धुवायला, शौचालयाला वापरा. पण मुद्दा काय? टाकीत घाण जितकी कमी, तितकं पाणी कमी बदलावं लागतं. आणि घाण कमी हवी असेल तर मासे कमी. हिशोब फिरून पुन्हा तिथेच येतो.

आता नकारांची यादी

सुरुवात डोरीपासून. रीगल टँग. दुकानात ती चार-पाच सेंटिमीटरची गोड बाळ असते. पूर्ण वाढली की 30 सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे शाळेतल्या मोठ्या फूटपट्टीएवढी. तुमची टाकी 60 सेंटिमीटरची. दोनदा शेपटी हलवली की समोर काच. टँग जातीचे मासे निसर्गात दिवसभर लांब अंतर पोहत, शेवाळ खात फिरतात. छोट्या टाकीत ते ताणाखाली राहतात आणि अंगावर पांढरे ठिपके येणं, म्हणजे व्हाइट स्पॉट, हे पहिलं त्यांच्यावर उठतं. आणखी एक गोष्ट. डोरीची पैदास टाकीत करणं इतकं अवघड होतं की अमेरिकेत फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांना ते पहिल्यांदा 2016 मध्ये जमलं. म्हणजे दुकानातली डोरी जवळजवळ नेहमीच समुद्रातून पकडलेली असते. "मोठी झाली की बदलू" हा प्लॅन ऐकायला बरा वाटतो. पण बदलून देणार कुणाला? आपल्या शहरात पाच-सहा फुटी मरीन टँक असलेले किती जण ओळखीचे आहेत तुमच्या?

दुसरा, मँडरिन. निळ्या-केशरी नक्षीचा, बघताच प्रेमात पडावा असा. शांत आहे, छोटा आहे, मग अडचण काय? अडचण खाण्याची. तो दिवसभर दगडावरचे बारीक जीव, कोपेपॉड, एक एक करून टिपत असतो. 100 लिटरच्या नव्या टाकीत तेवढे कोपेपॉड तयारच होत नाहीत. काही आठवड्यांत दगड साफ आणि मासा उपाशी. बहुतेक मँडरिन दाणे तोंडातही घेत नाहीत. तो भांडत नाही, आजारी दिसत नाही, नुसता बारीक होत जातो.

तिसरा, क्लीनर रॅस. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा. तुमच्या टाकीत चार मासे. चार गिऱ्हाइकांवर त्याचं दुकान चालत नाही. साफसफाईसाठी क्लीनर श्रिंप घ्या, ती कोळंबी दाणेही खाते.

चौथा गट म्हणजे बटरफ्लाय आणि मूरिश आयडल. बटरफ्लायमधल्या कितीतरी जाती प्रवाळांचे जीव खाऊनच जगतात. मूरिश आयडल म्हणजे निमोच्या सिनेमातला तो पट्टेवाला गिल. अनुभवी लोकांकडेही तो अन्न सोडतो आणि जातो.

पाचवा, लायनफिश. विषारी काटे हा मुद्दा बाजूलाच ठेवा. त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं जेवण. छोट्या टाकीतले सगळेच मासे त्याच्या तोंडात मावतात.

सहावा, आणि आपल्या दुकानांत सगळ्यात जास्त विकला जाणारा: डॅमसेल. त्यातही तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डोमिनो आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. स्वस्त असतो, चिवट असतो, म्हणून दुकानदार सांगतो, "पहले ये डालो भाई, टँक सेट हो जाएगा." लहानपणी गोंडस. मोठा झाला की अख्खी टाकी त्याच्या बापाची. नंतर आलेला प्रत्येक मासा तो कोपऱ्यात दाबतो. आणि दगडांमध्ये लपलेल्या डॅमसेलला बाहेर काढायचं म्हणजे पूर्ण टाकी उसकटावी लागते. मालवणला स्कूबा करताना तुमच्याभोवती जे पट्ट्यापट्ट्यांचे मासे गर्दी करतात ना, सार्जंट मेजर, तेही याच कुळातले. समुद्रात बघायला मस्त, दोन फुटी टाकीत आणायला नाही.

सातवा, समुद्रघोडा. कुणी दाखवला तर तिथून निघा. भारतात समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

मग घ्यायचं काय?

निमोला होकार. पण नीट बघून. आपल्याला हवा तो ओसेलारिस क्लाऊन. पूर्ण वाढला तरी आठ-नऊ सेंटिमीटर. दुकानात "क्लाऊन" नावाखाली सेबे किंवा क्लार्की असू शकतो, ते याहून बरेच मोठे आणि रागीट होतात. मरून क्लाऊन तर त्याहून तापट. त्यामुळे नुसतं "क्लाऊन द्या" म्हणू नका, जात विचारा.

क्लाऊनबद्दल एक भारी गोष्ट. सगळे पिल्लू म्हणून नरच असतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दादागिरी करणारा मादी होतो. मादी मेली तर तिचा नर मादी होतो. म्हणजे सिनेमा शास्त्राप्रमाणे काढला असता तर आई गेल्यावर निमोचे बाबाच आई झाले असते! याचा आपल्याला उपयोग असा की जोडी हवी असेल तर नर-मादी शोधत बसायचं नाही. एक जरा मोठा आणि एक लहान, असे दोन छोटे क्लाऊन एकत्र घ्या. ते आपसात ठरवतील. तीन मात्र घेऊ नका, तिसऱ्याचे हाल होतात.

"निमो आहे तर ॲनिमोन पाहिजेच ना?" नाही. टाकीत जन्मलेल्या क्लाऊनने ॲनिमोन आयुष्यात बघितलेलाही नसतो. ॲनिमोनला तीव्र प्रकाश आणि महिनोन्महिने स्थिर झालेली टाकी लागते. तो जागा सोडून चालत जातो, पंपात अडकतो आणि मेला तर 100 लिटर पाणी नासवून जातो. वगळा.

दुसरा, फायरफिश. पुढून पांढरा, मागे लाल होत जाणारा, डोक्यावर झेंड्यासारखा पर. आठ-नऊ सेंटिमीटर. एकदम लाजाळू. एकच घ्या, कारण दोन फायरफिश जोडी नसतील तर भांडतात. आणि मघाशी सांगितलेली जाळी याच्यासाठीच.

तिसरा, माझा सगळ्यात आवडता: पिवळा वॉचमन गोबी आणि त्याची पिस्टल श्रिंप. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण ती दिवसभर वाळूत बीळ खणते. गोबीला खणता येत नाही, पण नजर तेज. मग करार असा: कोळंबी घर बांधते, गोबी दारात पहारा देतो. कोळंबी बाहेर येताना आपली मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, दोघं आत. सहा मासे कोंबलेल्या टाकीपेक्षा हे बघायला जास्त मजा येते, खरं सांगते. गोबी तळाशी बसून राहतो, त्यामुळे आपल्या वाईट दिवसाच्या परीक्षेतही पास.

चौथा, बांगाई कार्डिनल. चांदीसारखं अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके. संथ. निसर्गात तो मुख्यतः इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच सापडतो, आणि छंदासाठी इतका पकडला गेला की 2007 मध्ये तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या लाल यादीत गेला. पण याची टाकीतली पैदास तुलनेने सोपी आहे. नर अंडी तोंडात सांभाळतो, तेवढे दिवस जेवत नाही, आणि पिल्लं बाहेर येतात तीच आईबापांची छोटी प्रतिकृती बनून. म्हणून नियम साधा: टाकीत जन्मलेला असेल तरच घ्या. एक किंवा पक्की जोडी.

पाचवा, टेलस्पॉट ब्लेनी. सहा सेंटिमीटर, दगडाच्या भोकातून डोकं काढून बघत बसतो, थोडं शेवाळ खुडतो. रॉयल ग्रामाही छोट्या टाकीचा चांगला मासा आहे, जांभळा आणि पिवळा, पण तो कॅरिबियनहून येतो. मिळाला तर ठीक, त्याच्यासाठी अडून बसू नका.

सरळ कॉम्बिनेशन सांगते

60 लिटरची टाकी: ओसेलारिसची एक जोडी. बस.

100 लिटर: ओसेलारिसची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी आणि त्याची कोळंबी. चार मासे.

100 लिटर, अजून शांत टाकी हवी असेल तर: बांगाईची जोडी, एक टेलस्पॉट ब्लेनी, एक फायरफिश. यात क्लाऊन नाही.

"एवढेच? रिकामी वाटेल ना टाकी." पहिले दोन महिने वाटेल. मग लक्षात येईल की या प्रत्येकाची जागा वेगळी आहे. गोबी वाळूवर, ब्लेनी दगडात, फायरफिश मध्ये, क्लाऊन एका कोपऱ्यात वर. कुणी कुणाच्या वाटेत नाही. भांडण नाही म्हणजे ताण कमी, ताण कमी म्हणजे आजार कमी.

आणि हे सगळे दाणे खातात. हा मुद्दा छोटा वाटतो, पण दिवाळीला पाच दिवस गावी जाताना कळतो. ऑटो फीडर लावला की काम झालं. मँडरिनसाठी कोपेपॉड टाकायला शेजारच्या काकूंना कसं सांगणार?

क्रम आणि वेळ

टाकीत पाणी आणि मीठ घातलं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असतो आणि त्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. त्यामुळे "डॅमसेल टाकून सायकल करा" हा सल्ला ऐकू नका. बाटलीतला अमोनिया किंवा चिमूटभर अन्न टाकूनही सायकल होते. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासा नाही.

मग सगळ्यात लाजाळू मासा आधी. फायरफिश किंवा गोबी. तीन-चार आठवड्यांनी पुढचा. क्लाऊन शेवटी, कारण तो आला की आपली हद्द आखतो.

नवा मासा थेट टाकीत नाही. 30-40 लिटरच्या वेगळ्या साध्या टाकीत तीन-चार आठवडे. आत पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला. व्हाइट स्पॉट निघाला तर तिथे औषध देता येतं. मुख्य टाकीत तांब्याचं औषध घातलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आपल्याकडे समुद्र नाही, मासा मुंबईहून किंवा चेन्नईहून येतो. ऑक्सिजन भरलेली पिशवी एप्रिलमध्ये ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर, याचा विचार करा. थर्माकोलचा डबा असल्याशिवाय पार्सल मागवू नका.

दुकानात समोर उभं राहून तीन प्रश्न विचारा. येऊन किती दिवस झाले? माझ्यासमोर खाऊ घालता का? टाकीत जन्मलेला आहे की समुद्रातला? मासा खाताना दिसला नाही तर पैसे खिशातच ठेवा. पोट आत गेलेलं, श्वास धापा टाकल्यासारखा, एका कोपऱ्यात तोंड करून उभा, असा मासा दया येऊन घेऊ नका. तुम्ही घेतला की त्याच्या जागी दुसरा येतो.

मासा येतो कुठून?

"टाकीत जन्मलेला" हा प्रश्न मी एवढा का लावून धरते? इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये प्रवाळांवर सायनाइड फवारून मासे बेशुद्ध करून पकडण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्यात प्रवाळ मरतं, आणि वाचलेले मासे आतून खराब होऊन येतात. तुमच्याकडे महिन्याभरात कारण न कळता मेलेला मासा कदाचित असाच असतो.

आणि आता पर्याय आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन आणि डॅमसेलच्या बऱ्याच जातींची हॅचरीत पैदास करण्याचं तंत्र विकसित केलंय. आपल्या महाराष्ट्रातही नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोसोबत क्लाऊनफिशची हॅचरी उभी केली. किनाऱ्यावरच्या बचत गटांना पिल्लं वाढवून विकण्याचं काम मिळावं हा त्यामागचा विचार. म्हणजे तुमची जोडी समुद्रातून काही न काढता येऊ शकते. असे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात, बंदिस्त जागेला सरावलेले असतात. थोडे महाग पडले तरी शेवटी स्वस्तच.

प्रवाळाबद्दलही स्पष्ट बोलते, कारण टाकीचं नाव रीफ टँक आहे. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन हे सगळं 2001 पासून आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. ते तोडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. मालवण-तारकर्लीहून "आठवण" म्हणून आणलेला मेलेला तुकडाही त्यात आला. "लाइव्ह रॉक" म्हणून समुद्रातून काढलेले दगड विकले जातात, तेही घेऊ नका. सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला दगड घ्या, भरपूर कपारी आणि बोगदे ठेवून रचा. सहा महिन्यांत त्यावर जांभळट शेवाळ चढतं. गोबीला आणि ब्लेनीला लपायला भोक हवं, ते कुठल्या दगडात आहे हे ते विचारत नाहीत.

शेवटी

हे सगळं ऐकून एखाद्याला वाटेल, मग मी मरीन करूच नये का? करा. पण 15 मेच्या दुपारचा विचार करून करा. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. तुम्ही आज 24 चे असाल तर त्या काळात नोकरी बदलेल, पुण्याला जाल, लग्न होईल, घर बदलेल. तो मासा तुमच्यासोबत असणार आहे. पुढच्या दोन वर्षांत शहर सोडणार हे नक्की असेल, तर गोड्या पाण्याची टाकी लावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि ठरवलंच असेल, तर या आठवड्यात एकच काम करा. मासा बघायला दुकानात जाऊ नका. टाकी जिथे ठेवणार त्या जागी बादलीभर पाणी ठेवा, त्यात थर्मामीटर टाका आणि रोज दुपारी तीन वाजता आकडा लिहून ठेवा, किंवा घरच्यांना लिहायला सांगा. आठवडाभराचे आकडे मला पाठवा. मासे कुठले घ्यायचे, ते आपण त्यावरून ठरवू.

पुढच्या भागात मासा न टाकता सायकल कशी करायची ते दिवसागणिक सांगते. तोवर जाळीची चौकट करून घ्या. भेटू.